बड पोचतो तिथे कान संपत नाही

वाचकाचा प्रश्न (थोडक्यात) : आमचा लॅब्रेडॉर सहा वर्षांचा आहे. गेली तीन वर्षं त्याचे कान फुटतात, उजवा जास्त. पावसाळा लागला की ठरलेलंच. तालुक्याच्या डॉक्टरांनी दिलेले थेंब घातले की पाच-सहा दिवसांत वास जातो, मग आम्ही थांबवतो. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मी रोज बडने कान साफ करते, तरी रोज काळपट मळ निघतोच. सासरे म्हणतात, लसूण घालून कोमट केलेलं खोबरेल तेल सोड. शेजारी हायड्रोजन पेरॉक्साइड सांगतात. मिस्टरांच्या मते व्हाळात डुंबण्यामुळे हे होतं, म्हणून त्याचं पाण्यात जाणं बंद केलं. लोंबते कान डोक्यावर चिकटपट्टीने बांधूनही पाहिले. शहरातले एक डॉक्टर ‘असंच चाललं तर नळी काढून टाकायचं ऑपरेशन करावं लागेल’ म्हणाले, तेव्हापासून झोप उडाली आहे. एरवी तो ठणठणीत आहे, फक्त पाय चाटत बसायची सवय आहे. जाता जाता, आमच्या गीर गायीच्याही एका कानाला वास येतो. कुत्र्याचेच थेंब तिला चालतील का?
— एक वाचक, सिंधुदुर्ग जिल्हा

उत्तर :

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ‘फक्त’ लावून शेवटाकडे ढकललं आहे. पाय चाटायची सवय. तिच्याकडे येऊच, पण त्याआधी एक काम आजच करा : तो बड बाजूला ठेवा.

आपण कुत्र्याचा कान साफ करायला बसतो तेव्हा मनात चित्र असतं ते आपल्या कानाचं. आपली नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर, जवळपास सरळ, आणि तिच्या टोकाला पडदा. कुत्र्याचं तसं नाही. त्याची नळी आधी खाली जाते आणि मग वळून आत, डोक्याच्या मध्याकडे जाते. इंग्रजी एल अक्षर डोळ्यांसमोर आणा. उभा भाग आणि आडवा भाग मिळून लांबी पाच ते दहा सेंटिमीटर, आणि आतली रुंदी चार-पाच मिलिमीटर. जिथे वळण आहे तिथे वरच्या बाजूने कूर्चेचा एक उंचवटा आत आलेला असतो. बड आत घातल्यावर ‘आता टोक लागलं’ असं हाताला जे वाटतं, तो बहुतेक वेळा हाच उंचवटा किंवा उभ्या नळीचा तळ. पडदा तिथून पुढे, कोपऱ्यापलीकडे. तुम्ही तीन वर्षं जो कान साफ करताय तो अर्धाच कान आहे.

उरलेल्या अर्ध्याचं काय होतं? बडचा कापूस जवळजवळ नळीएवढाच रुंद असतो. पिचकारीच्या दट्ट्यासारखा तो थोडा मळ चिकटवून बाहेर आणतो आणि बाकीचा पुढे रेटतो. आडव्या नळीच्या शेवटी पडदा सरळ उभा नसतो, तिरका बसवलेला असतो. त्यामुळे पडद्याचा खालचा भाग आणि नळीचा तळ यांच्यात एक खाच तयार होते. रेटलेला मळ जाऊन तिथे बसतो, आणि तिथून तो परत येणार कसा?

निरोगी कानात तो आपोआप येतो. पडद्यावरची आणि नळीतली त्वचा आतून बाहेर अशी सावकाश सरकत असते आणि आपल्याबरोबर मेलेल्या पेशी, मळ, केस तोंडाशी आणून सोडते. सरकत्या पट्ट्यासारखी ही सोय आहे. कान सुजला की ती बंद पडते. रोज बडने घासलं तरीही ती बिघडते, कारण घासलेली त्वचा जाड होते आणि तिच्यातल्या मळ तयार करणाऱ्या ग्रंथी आणखी जोरात कामाला लागतात. ‘रोज साफ करते तरी रोज मळ निघतो’ असं तुम्ही लिहिलंय. त्यातल्या ‘तरी’च्या जागी ‘म्हणून’ घालून वाक्य एकदा वाचून बघा.

आता हाताने कळेल अशी एक गोष्ट. तो शांत पडलेला असताना कानाच्या बुडाशी, गालाच्या मागच्या बाजूला, अंगठा आणि तर्जनी यांत उभी नळी पकडता येते. पानाच्या पुडीसारखी गुंडाळलेली ही कूर्चा वरच्या पाळीचीच आहे, तीच खाली अरुंद होत जाते आणि पुढे एका कड्यासारख्या दुसऱ्या कूर्चेला व मग हाडाला जोडली जाते. चांगली नळी मऊ रबरी पाइपसारखी लागते. दाबली की दबते आणि सोडली की फुगते. कुत्रा हूं की चूं करत नाही. जुन्या दुखण्यात ती जाड लागते, कुत्रा डोकं काढून घेतो. फार जुन्या दुखण्यात ती पेन्सिलीसारखी कडक झालेली असते, म्हणजे कूर्चेत कॅल्शियम साचलं. दोन्ही बाजू चाचपून बघा, उजव्या-डाव्यातला फरक बोटांना कळेल. ऑपरेशनचा विचार करताना हाच फरक कामी येणार आहे.

सासऱ्यांच्या तेलाबद्दल. तेलाने मळ मऊ होतो हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण एलच्या आकारात वरून ओतलेलं तेल खाली जाऊन बसतं, बाहेर वाहायला त्याला वाट नाही. पावसाळ्यात लॅब्रेडॉरच्या कानात सर्वात जास्त सापडते ती मॅलॅसेझिया नावाची यीस्ट. तपकिरी, मेणचट मळ आणि आंबूस-गोडसर वास ही तिची खूण. तिला स्निग्ध पदार्थच आवडतात, मग तिला तेल कशाला वाढायचं? लसणाने तर सुजलेली त्वचा आणखी चरचरते. पेरॉक्साइड फसफसतं आणि काहीतरी काम झाल्यासारखं वाटतं, पण ते त्वचेला चावतं आणि मागे पाणी ठेवून जातं. पडदा फाटलेला असेल तर ते थेट मध्यकर्णात उतरेल. सासऱ्यांना दुखवायचं नसेल तर सांगा, लसणाशिवायचं तेल कुत्र्याच्या तळपायांच्या भेगांना लावू. तेही आठवड्यानंतर, पायांचं काय चाललंय ते बघून झाल्यावर.

तर, पाय.

कानाची नळी म्हणजे आत वळवलेली त्वचाच. पोटावरची, बगलेतली, बोटांच्या बेचक्यातली आणि नळीतली त्वचा एकाच कापडाची. ॲलर्जी असलेल्या कुत्र्याला खाज सुटते ती ठरावीक जागी : पंजे, बगला, जांघा, हनुवटी, गुदद्वाराभोवती, आणि कान. पंज्यांची खाज तो चाटून भागवतो आणि आपण त्याला सवय म्हणतो. कानापर्यंत जीभ पोचत नाही, म्हणून तो डोकं झटकतो, मागच्या पायाने खाजवतो, सोफ्याच्या कडेला कान घासतो. रंग फिकट असेल तर बोटांच्या बेचक्यातले केस गंजासारखे लालसर झालेले दिसतील. तो लाळेचा डाग आहे. बॅटरीच्या उजेडात बोटं फाकवून बघा. बगलेतली कातडी हत्तीच्या कातडीसारखी काळपट, जाड झाली असेल तर दुखणं चांगलंच मुरलंय.

म्हणजे तुमचा मूळ प्रश्न ‘कान का फुटतो’ हा नसून ‘त्वचेला खाज कशाची’ हा आहे. यीस्ट आणि जिवाणू हे चोर नव्हेत, ते उघडं दार बघून आत शिरलेले. निरोगी कानातही ते थोडे असतातच. आधी सूज येते, सुजेमुळे नळी अरुंद होते, आत उबदार ओल साठते आणि मग ते वाढतात. लोंबती पाळी, अरुंद नळी, पोहणं ही सोय करून देणारी कारणं. त्यांच्यामुळे दुखणं वाढतं, पण एकट्याने ती सहसा सुरू करत नाहीत. उभ्या कानाच्या जर्मन शेफर्डचेही कान फुटतात, आणि तुमच्याकडे कुणाच्या उस्मानाबादी शेळ्या असतील तर बघा, लोंबत्या कानांनी त्या भर पावसात चरतात.

म्हणून ती चिकटपट्टी काढा. पाळीला रक्तपुरवठा करणाऱ्या नसा कडेकडेने आणि मागच्या बाजूने गेलेल्या असतात, घट्ट पट्टीने त्यांवर ताण येतो, केस उपटले जातात, आणि नळीतली सूज जागच्या जागी राहते. मिस्टरांचं मात्र अर्धं बरोबर आहे. कान लाल असताना पाणी नको. कान बरा झाल्यावर त्याला व्हाळात जाऊ द्या. बाहेर आल्यावर कान वाळवणारं क्लीनर घातलं की झालं. लॅब्रेडॉरला पाण्यापासून कायमचं तोडणं ही उगाच शिक्षा आहे.

आता थेंबांचं गणित, कारण इथेच बहुतेक घरं फसतात. कानाच्या बहुतेक तयार औषधांत तीन गोष्टी असतात : प्रतिजैविक, बुरशीनाशक आणि स्टेरॉइड. सूज, लाली आणि खाज दोन-तीन दिवसांत उतरते ती स्टेरॉइडमुळे. उभ्या नळीतले जंतू आठवड्यात कमी होतात आणि वास जातो. आपण बाटली कपाटात ठेवतो. आडव्या नळीत, पडद्याजवळच्या त्या खाचेत, जंतू अजून असतातच. शिवाय दोन-चार थेंब घातले तर ते वरच्या भिंतीलाच लागून संपतात. लॅब्रेडॉरएवढ्या कुत्र्याला एका वेळी साधारण एक मिली औषध लागतं, म्हणजे जवळपास वीस थेंब. डॉक्टरांना ‘किती थेंब’ न विचारता ‘किती मिली’ विचारा आणि सुई काढलेल्या सिरिंजने मोजून घाला. अर्धवट मात्रा, अर्धवट दिवस, आणि असं तीन वर्षं केलं की उरतात ते औषधाला न जुमानणारे जंतू. त्यात स्यूडोमोनास असेल तर पिवळट-हिरवट चिकट पू येतो, आत व्रण पडतात आणि कुत्रा कानाला हात लावू देत नाही. तपकिरी मळाच्या जागी कधी असं दिसलं तर जुनी बाटली उघडूच नका.

पुढच्या भेटीत तीन गोष्टी मागून घ्या. यात डॉक्टरांवर अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही, चांगले डॉक्टर खूशच होतील.

पहिली, स्लाइड. दोन्ही कानांतला मळ वेगवेगळ्या काचेवर घेऊन, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं. यीस्ट शेंगदाण्याच्या किंवा बाहुलीच्या आकाराची दिसते, जिवाणू गोल आहेत की दांड्यासारखे ते कळतं, पांढऱ्या पेशी आहेत का ते कळतं. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. दांड्यासारखे जिवाणू आणि भरपूर पांढऱ्या पेशी दिसल्या तर पुवाची कल्चर तपासणी (जंतू वाढवून त्यांना कोणतं औषध लागू पडतं ते बघणं) करावी लागते. औषध कधी थांबवायचं तेही वासावरून ठरवायचं नाही, पुन्हा स्लाइड बघून ठरवायचं. साधारण दोन ते चार आठवडे धरून चाला, जुन्या दुखण्यात जास्त.

दुसरी, पडदा. ओटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या दुर्बिणीने, तो दिसला का, शाबूत आहे का? चांगला पडदा मोत्यासारखा अर्धपारदर्शक असतो आणि त्यातून हातोडीच्या हाडाची वाकडी दांडी दिसते. नळी सुजून बंद असेल तर पडदा दिसणारच नाही. मग काही दिवस तोंडावाटे स्टेरॉइड देऊन सूज उतरवतात आणि पुन्हा बघतात. हा प्रश्न एवढ्यासाठी की पडद्यामागे हाडाची एक पोकळी आहे, तिच्यात हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं आहेत, आणि तिच्याही पलीकडे ऐकण्याचा शंख व तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नळ्या. जेंटामायसिनसारखी काही औषधं, क्लोरहेक्सिडीन, अल्कोहोल हे फाटक्या पडद्यातून आत गेलं तर बहिरेपणा किंवा तोल जाणं होऊ शकतं. एरवी निर्धोक असलेले थेंब इथे घातक ठरतात ते यामुळे. संसर्ग आटोक्यात आला तर फाटलेला पडदा बहुधा तीन-चार आठवड्यांत भरून येतो, ही त्यातली दिलाशाची गोष्ट.

तिसरी, भूल देऊन खोल धुणं. तीन वर्षांचा रेटलेला मळ घरच्या क्लीनरने निघेल असं मला वाटत नाही. भुलेखाली, नळी घालून, कोमट सलाइनने आडवी नळी पडद्यापर्यंत धुतली जाते आणि त्याच वेळी डॉक्टरांना सगळं नीट दिसतं. एकदा हे झालं की पुढच्या औषधाला निदान पोचायला रस्ता असतो.

त्यानंतर घरी काय करायचं ते नीट समजून घ्या, कारण इथे हात महत्त्वाचा.

पडद्याची खात्री नसेल तर मेडिकलमधलं साधं ०.९ टक्के सलाइन हेच सर्वात सुरक्षित. पडदा शाबूत असेल तर डॉक्टर सांगतील ते कुत्र्याचं इअर क्लीनर. बाटली पाच मिनिटं कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा. गार द्रव आत गेला तर चक्कर आल्यासारखं होतं आणि पुढच्या वेळी तो बाटली बघूनच पलंगाखाली जातो. कुत्र्याला भिंतीच्या कोपऱ्यात बसवा, तुम्ही त्याच्या बाजूला बसा, समोर नको. पाळी सरळ वर धरा. एवढ्याने उभी नळी थोडी ताणली जाते. बाटलीचं टोक आत न खुपसता द्रव सोडा, नळी भरून तोंडाशी दिसेपर्यंत. लॅब्रेडॉरला पाच ते दहा मिली सहज लागतं. मग पाळी न सोडता दुसऱ्या हाताने कानाचं बूड, मघाशी जी नळी चाचपली तीच, अर्धा ते एक मिनिट चोळा. पचपच असा आवाज आला पाहिजे. आवाज येत नसेल तर द्रव कमी पडलाय किंवा नळी बंद आहे. मग हात काढा आणि त्याला डोकं झटकू द्या. भिंतीवर उडणार, म्हणून हे अंगणातच करा. या झटकण्यात आतला मळ वर येतो, जे काम बडला जमलं नाही. शेवटी बोटाला कापूस गुंडाळून, बोट सहज जाईल तेवढंच पुसा. औषध लगेच घालू नका. पंधरा-वीस मिनिटं कान निथळू द्या.

उपचार चालू असताना धुणं एक-दोन दिवसांआड, डॉक्टर सांगतील तसं. स्यूडोमोनासच्या कानात मधे ट्रिस-ईडीटीए नावाचं द्रावण वापरतात. ते जंतूंचं कवच सैल करतं आणि मागून येणाऱ्या प्रतिजैविकाला वाट करून देतं. कान बरा झाला की आठवड्यातून एकदा, नंतर पंधरा दिवसांतून एकदा पुरे. चांगल्या कानाला रोज धुणं म्हणजे पुन्हा बडचाच प्रकार, फक्त ओला.

हे करूनही मुळातली खाज तशीच ठेवली तर पुढच्या श्रावणात तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल. आधी गोचीड-पिसवांचा बंदोबस्त चोख करा, कारण तो सर्वात सोपा. मग अन्नाची चाचणी. कुत्र्यांना ॲलर्जी होते ती बहुधा रोजच्याच प्रथिनांची : चिकन, दूध, गोमांस, गहू. तुमच्याकडे दूध-चपाती, चिकन आणि मासे चालत असतील असं धरून चालते. आठ आठवडे त्याला आयुष्यात कधी न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ, एवढंच द्यायचं. बोकडाचं मटण कधी दिलं नसेल तर ते आणि रताळं, मीठ-मसाला-कांदा-लसणाशिवाय. किंवा डॉक्टर लिहून देतात ते हायड्रोलाइज्ड (अगदी बारीक तुकडे केलेल्या) प्रथिनांचं तयार खाणं. आठ आठवडे म्हणजे आठ आठवडे. चहाबरोबरचं बिस्किट नाही, चवदार गोचीडनाशक गोळी नाही, सासऱ्यांच्या ताटातला घास नाही. ही चाचणी फसते ती जवळजवळ नेहमी या घासापायीच. खाज कमी झाली तर जुनं खाणं मुद्दाम परत सुरू करायचं. दोन आठवड्यांच्या आत खाज परतली तर निदान पक्कं.

तुमच्या बाबतीत दुखणं पावसाळ्यात वाढतं, म्हणजे धुळीतले सूक्ष्म कीटक, बुरशीचे कण, परागकण यांची ॲलर्जी असण्याची शक्यता मला जास्त वाटते. कोकणातली दमट हवा आणि जुनी गादी त्यांना मानवते. ही ॲलर्जी बरी होत नाही, आटोक्यात ठेवावी लागते. खाज थांबवणाऱ्या गोळ्या, औषधी आंघोळ, त्याचं अंथरूण दर आठवड्याला गरम पाण्यात धुणं. पण मे महिन्यातही तो पाय चाटतो का? हे तुम्ही लिहिलं नाहीत. चाटत असेल तर अन्नाची चाचणी टाळू नका.

आणि ऑपरेशन. त्या डॉक्टरांचं वाक्य धमकी म्हणून घेऊ नका, पण आजचा पर्याय म्हणूनही नको. पूर्ण नळी काढून मागची हाडाची पोकळी खरवडून साफ करणं हे मोठं ऑपरेशन आहे. चेहऱ्याची नस नळीला खालून वळसा घालून जाते, तिला धक्का लागला तर त्या बाजूची पापणी मिटत नाही, ओठ लोंबतो. त्या कानाने ऐकू येणं बहुतांशी जातं. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर ज्याची नळी दगडासारखी झालीय, भोक बुजलंय, आत गाठ आहे किंवा हाडापर्यंत पू गेलाय, त्या कुत्र्याची रोजची ठणक या ऑपरेशनने थांबते, आणि तसाही त्याला त्या कानाने फारसं ऐकू येत नसतं. पाळी जागेवरच राहते, बाहेरून फरक कळतही नाही. म्हणून नळी मऊ असेल तर वरचं सगळं आधी, सहा महिने प्रामाणिकपणे. कडक असेल तर एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करून निर्णय, आणि मग उगाच लांबवू नका. कधीकधी नळीची फक्त बाहेरची भिंत उघडायचं लहान ऑपरेशन सुचवलं जातं. आडवी नळी खराब असेल आणि ॲलर्जी तशीच असेल तर त्याचा उपयोग होत नाही, हे विचारून घ्या.

मधल्या काळात झटकून झटकून पाळी उशीसारखी फुगली तर घाबरू नका आणि घरी सुईही लावू नका. कूर्चा आणि त्वचा यांच्यामध्ये रक्त साठलेलं असतं. डॉक्टर ते काढून टाके घालतात, म्हणजे पोकळी पुन्हा भरत नाही. तसंच सोडलं तर पाळी सुकून आक्रसते. पाळीच्या बाहेरच्या कडेला, बुडाजवळ, त्वचेचा एक छोटा खिसा दिसेल. तो फाटलेला कान नव्हे, जन्मतःच असतो. मात्र गोचिडांना ती जागा फार आवडते, तिथे बघत जा.

डोकं एका बाजूला कललं, डोळ्यांची बुबुळं आपोआप हलू लागली, चालताना एका अंगावर पडतोय, एक ओठ-पापणी लोंबतेय किंवा जबडा उघडताना किंचाळतोय, यातलं काहीही दिसलं तर कानात काहीही न घालता त्याच दिवशी दवाखाना.

मांजर असलेल्यांसाठी दोन ओळी. मांजरीच्या, त्यातही पिल्लांच्या कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा भुगा असेल तर बहुधा कानातले किडे असतात. त्यांचं जीवनचक्र सुमारे तीन आठवड्यांचं, म्हणून एकदा औषध घालून भागत नाही, आणि घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना एकदमच उपचार लागतो. सशाच्या कानातली जाड खपली ओढून काढू नका, खाली कातडी सोललेली असते. इंजेक्शनने किडे मेले की ती आपसूक गळते.

आता तुमची गीर. कुत्र्याचे थेंब तिला नाही, दोन कारणांनी. पहिलं म्हणजे दूध. औषधाचा अंश दुधात उतरतो आणि कुत्र्याच्या बाटलीवर दूध किती दिवस वर्ज्य हे लिहिलेलं नसतं. दुसरं म्हणजे तिचं दुखणं बहुधा निराळंच. गीरचा कान लांब, पानासारखा दुमडलेला, टोकाशी खाच असलेला. नळीही लांब, आणि आत हवा कमी. ब्राझीलमध्ये भारतातून गेलेल्या गीर वंशात तर कानात बारीक दोऱ्यासारखे कृमी होऊन घाण वासाचा पू येणं हे ओळखीचं दुखणं आहे. तुमच्याकडे आधी साध्या शक्यता तपासा : आत खोल बसलेली गोचीड, टॅगची (कानात मारलेल्या ओळखीच्या बिल्ल्याची) चिघळलेली जखम, अळ्या. गाय दावणीला आखूड बांधून, डोकं एकाने धरून, बॅटरीने बघा. दिसणारी गोचीड चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढा. अळ्या टॅगच्या जखमेत असतील तर टर्पेंटाइन तिथे चालतं, पण नळीत त्याचा थेंबही जाता कामा नये. नळीत अळ्या असतील तर डॉक्टरच बोलवा. आणि उलटही लक्षात ठेवा : गायीसाठी आणलेलं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कुत्र्याला अंदाजाने टोचू नका. कोलीसारख्या काही जातींत त्याने जीव जातो.

गायीचा कान आणखीही काही सांगतो. व्याल्यानंतर दोन-तीन दिवसांत कान थंडगार पडले आणि ती उठेना, तर कानाचं काही नाही, कॅल्शियम उतरलंय, लगेच डॉक्टर लागतात. वासराचा एकच कान लोंबतोय आणि मान कलती आहे, तर पू पडद्यामागे आहे. तो वरून थेंबांनी जात नाही, इंजेक्शनचा कोर्स लागतो आणि जितकं लवकर तितकं बरं. शेळीचा एक कान लोंबून ती गोल गोल फिरत असेल तर दुखणं मेंदूकडचं असू शकतं, तिला वेगळी बांधा.

टॅग फाटून पडला असेल तर नवा त्याच भोकात मारून घेऊ नका. पाळीवर बोट फिरवलं की कूर्चेचे लांबट उंचवटे हाताला लागतात, आणि उजेडाकडे धरली की नसा दिसतात. दोन उंचवट्यांच्या मधली, नस नसलेली जागा डॉक्टरांना दाखवा. पावसाळ्यात मारला तर पुढचा आठवडाभर रोज संध्याकाळी, धार काढायला बसण्याआधी, पाळी उलटून भोकाच्या दोन्ही बाजू बघा आणि पोव्हिडोन आयोडीन लावा. माशी बसते ती पाळीच्या मागच्या बाजूला, आपण बघतो ती पुढची.